गोरेपणाची डबी विदर्भातल्या गावात कशी पोचली

रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातले. तिचा विठोबा सावळा, आणि त्या रंगाचे कौतुक घरोघरी. पोरगी पाहायला पाहुणे आले की मात्र नजर आधी तिच्या रंगावर जाते. ही अपेक्षा जुनीच आहे. बदलले ते चेहऱ्यावर लागणारे. पूर्वी बेसन, हळद, साय लागायची. त्याने रंग उजळत नसला तरी सहसा इजा होत नसे.

मुंबईत १९१९ साली ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याला लावायचे क्रीम आले. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ काढली. तिच्यातले नायसिनामाइड हे द्रव्य मेलॅनिनला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला, वरच्या पेशींत पोचू देत नाही. परिणाम थोडाच, तोही हळूहळू. जाहिरातीत मात्र गोरेपणाबरोबर लग्न आणि नोकरीही मिळे. अशा जाहिरातींत सावळ्या मुलींना कमी लेखू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये नावातले ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले.

त्याहून मोठा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्का, हे मिश्रण वांगावरचे, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवरचे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजके आठवडे लावायचे. चेहरा लवकर उजळतो, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला नाव सांगते. मोमेटासोन हे स्टिरॉइड. महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव येते. ट्रेटिनॉइनमुळे ऊन सोसत नाही, आणि निंदणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या पोरीला ऊन टाळता येत नाही. ट्यूब एकदम बंद केली की चेहरा लाल होऊन आग होते. घाबरून ती पुन्हा लावली जाते, आणि त्वचा आणखी बिघडते. मार्च २०१८ मध्ये केंद्राने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब नुसत्या नावावर मागितली जाते. ती बंद करायची ती त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

सगळ्यात वाईट ती लेबल नसलेली डबी. तिच्यात पारा असू शकतो. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो म्हणून रंग उतरतो, पण कातडीतून रक्तात शिरून तो मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने शोध घेतल्यावर त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ मध्ये ही बातमी आली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा नकळत आला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज असेल, तर क्रीम लावणे लगेच थांबवून लघवीतली प्रथिने तपासून घ्यावीत. डबी फेकू नये, डॉक्टरांकडे सोबत न्यावी. क्रीममध्ये पारा आहे का हे कळायला त्याच क्रीमची तपासणी करावी लागते.