चार तळहातांएवढी जमीन

ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरी लागून भाच्याला चार महिने झाले. परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, गाडी घ्यायचीय. दोन पाहून ठेवल्यात. एक दोन दारांची स्पोर्ट्‌स कार, दुसरी उंच, दणकट फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. दोन्ही सेकंडहँड, किंमत जवळपास सारखीच. तू सांग कुठली घेऊ." मग त्याने दोन्ही इंजिनांची माहिती दिली, हॉर्सपॉवर सांगितली, शून्यावरून शंभरपर्यंत कुठली किती सेकंदांत जाते तेही सांगितलं. मी विचारलं, "टायर कुठले आहेत?" तो जरा थांबला. "ते नाही रे बघितले."

टायरचा धडा त्याने आमच्याच अंगणात गिरवला होता. आठवीतून नववीत जाताना उन्हाळ्याच्या सुटीत तो इंदूरला, आमच्या लोकमान्य नगरच्या घरी आला होता. एका दुपारी आम्ही माझ्या छोट्या मोटारीचं पुढचं चाक जॅकवर उचललं, टायरला खालून काळा ऑइल पेंट फासला, खाली ड्रॉइंगचा कागद ठेवला आणि जॅक हळूहळू उतरवला. पुन्हा उचलल्यावर कागदावर उमटलेला ठसा त्याने पट्टीने मोजला. ११ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद. त्याने आपला तळहात त्यावर ठेवला आणि म्हणाला, "एवढंच?"

एवढंच. टायरमध्ये हवा ३० पीएसआय होती, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. ११० चौरस सेंटिमीटरला २.१ ने गुणलं की २३० किलो येतात, आणि त्या मोटारीच्या पुढच्या एका चाकावर साधारण तेवढाच भार असतो. टायरच्या भिंतींचा ताठपणा थोडा भार उचलतो, बाकी सगळी गाडी आतल्या हवेवर उभी असते. गाडी कितीही महाग असो, वेग घेणं, वळणं आणि थांबणं ही तिन्ही कामं तिला या चार ठशांतूनच करून घ्यावी लागतात. म्हणून मी इंजिनाच्या आधी टायर विचारतो.

भाच्याच्या दोन गाड्यांचे ठसे घरबसल्या काढता येतात. १४०० किलोच्या स्पोर्ट्‌स कारच्या एका चाकावर ३५० किलो; हवा ३२ धरली तर ठसा १५५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. २४०० किलोच्या फोर बाय फोरचा, ३५ हवेवर, २४५ च्या आसपास. इथे बऱ्याच जणांची एक समजूत चुकते. रुंद टायर लावला म्हणून ठसा मोठा होत नाही. वजन तेच आणि हवा तीच असेल तर क्षेत्रफळही जवळपास तेच राहतं, बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. वळताना रस्त्याला आडवं धरून ठेवायला हा आडवा ठसा बरा पडतो, म्हणून स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद असतात.

आता शाळेतला एक नियम आडवा येतो. घर्षण हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण पाठ केलेलं असतं. लाकडाच्या ठोकळ्यापुरतं ते ठीक आहे. रबर तसं वागत नाही. डांबरी रस्ता बोटाने चाचपून पाहा, त्यात बारीक खड्यांचे उंचवटे असतात. रबर त्या उंचवट्यांभोवती दबतं, खाचांमध्ये शिरतं आणि पुढे सरकताना पुन्हा मूळ आकारात येऊ पाहतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो, आणि ही तूटच गाडीला मागे धरते. शिवाय रबराचे रेणू खड्यांना क्षणभर चिकटतात. भार वाढवला तर पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. वळणावर बाहेरच्या चाकांवर जादा भार आला की त्यांना जेवढं मिळतं त्याहून जास्त आतली चाकं गमावतात. चारही ठशांवर भार जितका सारखा, तितकी एकूण पकड चांगली. हा भार किती सरकणार हे ठरतं गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांमधल्या अंतरावर. स्पोर्ट्‌स कार जमिनीलगत बसवलेली असते ती त्यासाठी.

हीच उंची आणखी एका प्रश्नाचं उत्तर देते: गाडी उलटेल की घसरेल? दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबद्दलचे तारे देताना हाच आकडा पाहते. नेहमीच्या मोटारींचा तो १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांचा १ ते १.३. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.८ ते ०.९ धरला, तर तो या दोन्हींहून कमी आहे; म्हणून दोन्ही गाड्या सपाट रस्त्यावर आधी घसरतील, उलटणार नाहीत. अपघात होतो तो घसरलेलं चाक कशाला तरी अडल्यावर. रस्त्याकडेची मऊ माती, खड्डा, फुटपाथची कड. उलटलेल्या गाड्यांपैकी बहुतेक अशा अडखळूनच उलटलेल्या असतात. त्यात टपावर कॅरिअर लावून तंबू, पेट्रोलचे डबे, पाण्याचे कॅन चढवले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि हाताशी असलेली थोडी सवडही जाते. भाच्याला मी बजावून सांगितलं, "जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीशी. टपावर काही नको."

याच्या अगदी उलट टोक आपल्या इंदूरच्या शेजारी आहे. पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या वळणांना असा ढाळ दिलेला आहे की ताशी २५० किलोमीटर वेगाला गाडीचं वजन आणि रस्त्याचा आधार हे दोघं मिळूनच तिला वळवतात. त्या वेगाला टायरला आडवं काहीच धरावं लागत नाही. सगळा भार ढाळाने उचललेला असतो. पर्थच्या एखाद्या चौकातल्या गोल चक्कराला असा ढाळ कुठून असणार? तिथे ताशी ४० नेसुद्धा सगळं काम त्या तळहाताएवढ्या ठशावर येतं. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात मोकळ्या महामार्गावरही कमाल मर्यादा ताशी ११० आहे, त्यामुळे २५० पर्यंत जाणारं इंजिन तिथे बहुतेक वेळ झोपूनच राहील.

फोर बाय फोरचं शास्त्र मला मात्र माळव्याच्या काळ्या मातीने शिकवलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पहिला पाऊस पडून गेला होता आणि काकांच्या जुन्या जीपमधून आम्ही देपालपूरकडच्या शेतावर निघालो होतो. जीपचा फोर व्हीलचा गिअर केव्हाच निकामी झाला होता. बांधाजवळ गाडी रुतली. मागचं डावं चाक गरगर फिरून चिखल उडवत होतं आणि उजवं चाक, जे बऱ्यापैकी कोरड्या जागी होतं, ते जागचं हलतही नव्हतं. मला ते अन्यायाचं वाटलं. ज्याला जमीन मिळालीय ते चाक का नाही फिरत?

याचं कारण डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चाकांची जुळणी बसवलेली असते. पण ती जोर दोन्हीकडे सारखाच वाटते. चिखलातलं चाक अगदी थोड्या जोरात फिरतं, त्यामुळे कोरड्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच थोडा जोर येतो आणि तो गाडी ढकलायला पुरत नाही. काकांनी फिरणाऱ्या चाकाखाली बाभळीच्या फांद्या आणि गोणपाट कोंबलं, ब्रेकवर पाय हलका ठेवून ॲक्सिलरेटर दिला आणि जीप निघाली. ब्रेकमुळे फिरणाऱ्या चाकाला अडवणूक झाली, म्हणून दुसऱ्याला जोर मिळाला. आजच्या गाड्यांतला ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम सेकंदाच्या अंशात करतो. चांगल्या फोर बाय फोरमध्ये त्याच्या जोडीला डिफरन्शियल लॉक असतो, जो दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. आणि लो रेंज गिअर असतो, जो वेग कमी करून त्या प्रमाणात जोर वाढवतो.

ती माती अशी का वागते हेही इथे सांगायला हवं. माळव्याचं पठार ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं आहे. तो बेसाल्ट झिजून जी चिकणमाती झाली, तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच साबणासारखी होते. टायरच्या नक्षीत ती घट्ट बसली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. चिखलासाठीच्या टायरची नक्षी म्हणून मोठी, मोकळी असते: चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा. तोच टायर ओल्या डांबरावर मात्र कमी पडतो, कारण ठशात रबर कमी आणि मोकळी जागा जास्त.

भाच्याला काळी माती मिळणार नाही, त्याला मिळेल वाळू. पर्थच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर लॅन्सलिनच्या पांढऱ्या टेकड्या आहेत. वाळूवर प्रश्न भाराचा असतो. ठशाखालचा दाब वाळूला सोसवेना की चाक खाली जातं, आणि मग गाडी सतत स्वतःसमोरचा वाळूचा बांध ढकलत राहते. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे: हवा काढायची. ३५ वरून १६ पीएसआयवर आणली की हिशेबाने ठसा दुपटीहून मोठा होतो. गंमत म्हणजे तो रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो. लांब ठशाने चाक वाळूवर चढून राहतं. टेकडीवर मात्र सरळ चढायचं, सरळ उतरायचं. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही, आणि उंच गाडीला नुसत्या उभ्या स्थितीत उलटायला याहून बराच जास्त कल लागतो. पण आडवं गेलं की खालच्या बाजूची चाकं रुततात, कल वाढतो आणि घसरती गाडी अडखळते.

कच्च्या रस्त्यांचा त्रास वेगळा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किंबर्ली भागातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे, आणि अशा रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. टोरंटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या वाळूच्या थाळ्यावर एक चाक सोडून हे तपासलं. २००७ मध्ये त्यांचा निबंध आला. चाकाला स्प्रिंग नसली तरी वळ्या पडतात, आणि एका ठरावीक वेगाच्या खाली त्या पडतच नाहीत. पण तो वेग इतका कमी असतो की त्याने प्रवास कोण करणार? म्हणून अशा ठिकाणी लांब हालचालीचं सस्पेन्शन आणि जमिनीपासून २० सेंटिमीटरहून जास्त उंची लागते. स्पोर्ट्‌स कारला ११-१२ सेंटिमीटर असते, तिला तर आपल्याकडचे गल्लीतले स्पीडब्रेकरही जड जातील.

पावसाळ्यात तिकडे नद्याही रस्त्यावर येतात. रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या बुटक्या फरशीपुलावरून, पाणी वाहत असताना गाडी घालणारे आपल्याकडे दरवर्षी दिसतात, आणि उंच गाडीवाल्यांना जास्त धीर असतो. त्यांनी एक गुणाकार करावा. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ साडेसात-आठ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की ते जवळपास पाऊण टन वजन वर उचलून धरतं. चार ठशांवरचा भार तेवढा कमी होतो, पकड जाते, आणि बाजूने येणारा प्रवाह उरलेलं काम करतो.

थांबण्याच्या अंतराचा हिशेब आम्ही फोनवरच केला. ताशी ११० ला, कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून साधारण ६० मीटर. कांगारू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर त्यात आणखी ३० मीटर गेलेले असतात. खडीच्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला तर एकूण १२५. या सूत्रात गाडीचं वजन येतच नाही. येतात ते फक्त वेग आणि टायर.

हवेच्या अडथळ्याचंही थोडक्यात सांगतो. ताशी ११० ला नुसती हवा बाजूला सारायला बुटक्या स्पोर्ट्‌स कारला ११ किलोवॉटच्या आसपास लागतात, चौकोनी फोर बाय फोरला २० च्या आसपास. रोज ऑफिसला जाताना हा फरक पेट्रोलच्या बिलात दिसतो.

शेवटी मी त्याला माझं मत सांगितलं. वर्षातून एकदाच वाळूत जायचं असेल तर त्या दिवसापुरती गाडी भाड्याने घे आणि रोजच्यासाठी बुटकी गाडी ठेव. ती तुला जास्त सुरक्षित वळवेल. पण महिन्यातून दोनदा शहराबाहेर जाणारच असशील तर फोर बाय फोर घे, तीही चिखलाचे टायर काढून, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारे टायर घालून. कुठलीही घेतलीस तरी आधी टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे बघ, त्यात टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि खड्यांच्या खाचांत शिरत नाही.

पुढच्या रविवारी तो सहकाऱ्याच्या गाडीतून लॅन्सलिनला गेला. पार्किंगच्या टणक जमिनीवर त्याने टायरशेजारी टेप धरून ठशाची लांबी मोजली: ३५ हवेवर १४ सेंटिमीटर, १६ वर २७. दोन्ही फोटो मला पाठवले. मी लगेच लिहिलं की डांबरावर येण्याआधी हवा परत भर. ताशी ११० ला ते चाक सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं, प्रत्येक फेरीत टायरची भिंत एकदा दबते आणि एकदा सरळ होते, आणि हवा कमी असली तर इतकी दबते की रबर आतून तापत जाऊन टायर फुटू शकतो. अर्ध्या तासाने तिसरा फोटो आला. डिकीतला छोटा कॉम्प्रेसर, नळी चाकाला लावलेली, गेजचा काटा ३५ वर. खाली लिहिलं होतं, "चारही चाकांना पंचवीस मिनिटं लागली, मामा."