कस्तुरबाग्राम : खेड्यातल्या बाईसाठी जमलेला निधी

इंदूरमधून खंडवा रोडने निघालं की कस्तुरबाग्राम लागतं. शेती, गोशाळा, मुलींचं महाविद्यालय, वसतिगृह असा ऐसपैस परिसर आहे. येता-जाता पाहणाऱ्या अनेकांना ते फक्त एक कॉलेज वाटतं. खरं तर कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचं हे मुख्यालय. देशात ठिकठिकाणच्या खेड्यांत चाललेल्या या ट्रस्टच्या कामाचा कारभार इथून पाहिला जातो. या कामाची सुरुवात मात्र पुण्यात, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात झाली.

ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीनंतर गांधीजी आणि कस्तुरबा तिथे स्थानबद्ध होते. बांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बांना गांधीजी त्या कैदेत वाचायला आणि भूगोल शिकवत असत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. बाहेर महायुद्ध चालू होतं, बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते. अशा दिवसांत बांच्या स्मारकासाठी देशाला आवाहन केलं गेलं. २ ऑक्टोबरला गांधीजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, तोवर ७५ लाख रुपये जमवायचं ठरलं. समाजसेवक ठक्करबाप्पांनी कामाची घडी बसवली आणि रक्कम एक कोटीच्याही पुढे गेली.

एवढ्या पैशांत एखादं भव्य रुग्णालय किंवा सभागृह सहज उभं राहिलं असतं, आणि त्यावर बांचं नावही शोभलं असतं. गांधीजींनी ते होऊ दिलं नाही. हा पैसा खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच खर्च व्हावा आणि काम बायकांनीच चालवावं, असा त्यांचा आग्रह होता. या निधीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो. १९४४ साली खेड्यात जाऊन राहणारी, बाळंतपण सांभाळणारी, अक्षरओळख करून देणारी बाई शोधून सापडत नव्हती. म्हणून इमारती बांधण्याऐवजी आधी माणसं तयार करणं भाग पडलं. ग्रामसेविकांची शिबिरं निघाली. बालवाडी, आरोग्य, सुईणपण, कताई, स्वच्छता हे सगळं शिकून सेविकेने गावात मुक्काम करायचा, अशी कामाची पद्धत बसली.

यातलंच एक शिबिर १९४५ मध्ये बोरिवलीला भरलं होतं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ तिथे आल्या होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, पुढे जिद्दीने शिक्षण आणि नोकरी, असं त्यांचं आयुष्य. शिबिरात त्यांची बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाईंना बोर्डीच्या ग्राम बालशिक्षा केंद्रासाठी सोबतीण हवी होती. अनुताई गेल्या त्या कायमच्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी, कुरणशाळा सुरू केल्या. शाळेने मुलापर्यंत चालत जायचं, ही साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी देशभर पोचली, तिच्या मुळाशी बोर्डी-कोसबाडचा हा अनुभव आहे. महाराष्ट्रात सासवडच्या आश्रमातून प्रेमा कंटक यांनी ट्रस्टचं काम वाढवलं. आपल्या, म्हणजे इंदूरच्या मराठी माणसांच्या, महाराष्ट्रातल्या नातलगांना हे ठाऊक असतं, पण त्या धाग्याचं एक टोक आपल्या इंदुरात आहे हे आपणच विसरतो, याचं वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर ट्रस्टचं मुख्यालय इंदूरला आलं. माळव्याला दानधर्म नवा नव्हता. पेशव्यांनी १७३४ मध्ये अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई होळकरांना खासगी जहागीर लावून दिली. तिचं उत्पन्न दौलतीपासून वेगळं, घरातल्या स्त्रीच्या हाती राहणारं. अहिल्याबाईंनी याच खासगीतून काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. त्याच अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर आणून वसवले, हे मात्र कमी सांगितलं जातं. अन्नछत्रात एका वेळचं पोट भरतं, मागाने घर चालतं. तो विणकामाचा धंदा विसाव्या शतकात खालावला, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था काढून बायकांना मागावर बसवलं. महेश्वरी साडी आज पुन्हा दिसते, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

इंदूरमध्येच १९८५ साली बहाई विचारांच्या प्रेरणेने बरली संस्था सुरू झाली. झाबुआ, धार, खरगोन या भागांतल्या आदिवासी मुलींना इथे काही महिने ठेवून घेतात. लिहिणं-वाचणं, शिवण, आरोग्य, शेती शिकवतात आणि मुली आपापल्या गावी परततात. झाबुआत तेव्हा नारूचा, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगाचा, उपद्रव होता. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी माणूस उतरला की पाण्यात नारूच्या अळ्या सुटत, आणि तेच पाणी सगळं गाव पीत असे. उपाय म्हणजे पाणी कापडाने गाळून पिणं. पण बाहेरून आलेल्या माणसाने ते सांगून भागत नाही. रोज पाणी भरणाऱ्या बाईला ते तिच्या बोलीत सांगणारी, तिच्याच गावची मुलगी लागते. जिल्ह्यातल्या ३०२ गावांतून नारू हटवण्याच्या कामातल्या वाट्याबद्दल १९९२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ग्लोबल ५०० पुरस्कार मिळाला. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पती जिमी मॅकगिलिगन यांच्यासह ही संस्था घडवणाऱ्या जनक पलटा मॅकगिलिगन यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. इंदूरजवळच्या सनावदिया गावात राहून त्या सौरचुलीवर स्वयंपाक आणि सेंद्रिय शेती यांचं प्रशिक्षण देतात.