मिश्र अधिशोषण

पाण्यात किंवा हवेत असलेले निरनिराळे सेंद्रिय रेणू एकाच वेळी घन पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, त्या क्रियेला मिश्र किंवा स्पर्धात्मक अधिशोषण म्हणतात. पृष्ठभागावरच्या जागा मोजक्या असतात. एकाने जागा अडवली की दुसऱ्याला ती उरत नाही, आणि आधी बसलेल्याला मागाहून आलेला उठवूही शकतो. त्यामुळे प्रत्येक पदार्थाची सुटी चाचणी घेऊन केलेली बेरीज मिश्रणाला लागू पडत नाही. ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या किंवा तळोज्यातल्या रासायनिक कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात) सक्रिय कोळशाचा फिल्टर सांभाळणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते.

अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या समीकरणात सर्व जागा सारख्या आणि थर एकाच रेणूच्या जाडीचा धरला आहे. एकावर एक थर बसतात तेव्हा ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचे १९३८ चे समीकरण वापरतात. कोळशाच्या एका ग्रॅममध्ये शेकडो ते हजारावर चौरस मीटर पृष्ठभाग असतो, हे त्याच्याच आधारे मोजतात. मिश्रणासाठी मायर्स आणि प्राउसनिट्झ यांनी १९६५ मध्ये वायूंकरता सिद्धांत मांडला, आणि १९७२ मध्ये तो विरल द्रावणांपर्यंत नेण्यात आला.

प्रत्यक्षात कोण जिंकते? ठाणे–बेलापूर रस्त्यावर फिनॉल आणि ॲसिटोन यांचे उत्पादन दीर्घकाळ झाले, तेव्हा उदाहरण त्यांचेच घेऊ. ॲसिटोन पाण्यात सहज मिसळतो, कोळशाकडे त्याची ओढ कमी. फिनॉलचे सपाट वलय कोळशातल्या ग्राफाइटसारख्या पापुद्र्यांवर बरे बसते. सोबत पॅरा-नायट्रोफिनॉल असेल तर तो फिनॉललाही मागे टाकतो. मात्र पाण्याचा सामू (पीएच) सातच्या वर नेला की नायट्रोफिनॉलचे आयन होऊ लागतात आणि त्याची पकड ढिली पडते; फिनॉलच्या बाबतीत तसे व्हायला सामू दहाच्या आसपास जावा लागतो. म्हणजे आधीच्या टाकीत चुना किती पडला, यावर पुढच्या कोळशावरचा क्रम ठरतो.

फिल्टरच्या उभ्या नळकांड्यात हा क्रम वरून खाली उलगडतो. कमी ओढीचा पदार्थ पुढे धावतो आणि खालच्या ताज्या कोळशावर बसतो. मागून जास्त ओढीचा येतो, त्याला उठवतो, आणि उठवलेला माल आधीच येत असलेल्या मालात मिसळून बाहेर पडतो. काही काळ बाहेरच्या पाण्यात त्या पदार्थाचे प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त भरते. नवखा माणूस नमुना चुकला असे समजतो. नमुना बरोबर असतो. सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) ही सगळ्यांची एकत्रित बेरीज असल्याने ही उसळी तिच्यात सहसा झाकली जाते. कोळसा विकत घेताना सगळे आयोडीन नंबर (एक ग्रॅम कोळसा किती आयोडीन धरतो याचे माप) विचारतात, पण तो बारीक छिद्रांचाच हिशेब देतो. रंगाचे मोठे रेणू त्या छिद्रांत शिरत नाहीत. उलट तोंडाशी अडकून लहानांची वाट बंद करतात. मिश्र सांडपाण्यासाठी निव्वळ आयोडीन नंबरावर कोळसा निवडणे म्हणजे अर्धीच परीक्षा.

वेगाचाही भाग असतो. रक्तद्रव काचेला लागला की लहान आणि मुबलक अल्ब्युमिन आधी पोहोचते, नंतर फायब्रिनोजेनसारखी मोठी प्रथिने त्याची जागा घेतात. लिओ व्रोमान यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

सपाट पृष्ठभागावर रेणू नुसते चिकटत नाहीत, रांगा लावतात. १९८३ मध्ये नझ्झो आणि अलारा यांनी गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचे सोन्यावर आपोआप रचले जाणारे थर दाखवले. लांब साखळीचे थायॉल (टोकाला गंधक असलेले रेणू) सोन्यावर साधारण ३० अंशांत कलून, दाटीवाटीने उभे राहतात. आखूड आणि लांब साखळ्या मिसळल्या तर द्रावणातल्या प्रमाणापेक्षा लांब साखळ्या थरात जास्त सापडतात, कारण शेजारच्या साखळ्यांची परस्परओढ त्यांच्या बाजूने असते. काही मिश्रणांत दोघांची वेगळी बेटेही पडतात. ग्राफाइटवर ट्रायमेसिक आम्ल षटकोनी जाळी विणते, आणि तिच्या सुमारे एक नॅनोमीटर रुंदीच्या घरांत कोरोनीनसारखा पाहुणा रेणू बसतो. टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने हे थेट पाहता येते.

ठाणे खाडी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. अशा खाडीच्या गाळातही हीच क्रिया चालते, पण दोन तऱ्हांनी. कुजक्या पाल्यापाचोळ्याच्या मऊ अंशात तेलकट रेणू विरघळल्यासारखे मुरतात, तिथे स्पर्धा फारशी नसते. धुरातून आलेल्या काजळीच्या कणांवर मात्र जागांसाठी चढाओढ असते: आधी बसलेल्या फेनँथ्रीन या वलयी रेणूला नंतर आलेला त्याहून मोठा पायरीन हटवू शकतो, आणि हटवलेला भाग पुन्हा पाण्यात उतरतो.