सिम्बियन टचस्क्रीनमुळे संपलं नाही

सिम्बियन म्हणजे जुन्या स्मार्टफोनमधली ऑपरेटिंग सिस्टीम. पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना नोकिया विकायला गेलात तर हमखास ऐकू येतं, ‘सिम्बियनला टच जमलाच नाही, म्हणून बुडालं.’ हे खरं नाही. सोनी एरिक्सनचा पी८०० हा सिम्बियनवरचा टच फोन २००२ सालचा, म्हणजे आयफोनच्या पाच वर्षं आधीचा. पुढे २०१० च्या एन८ ला तर बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा कपॅसिटिव्ह पडदाही होता.

खरं दुखणं आतलं. गाभा एकच असला तरी वरचे चेहरे वेगवेगळे, एस६०, यूआयक्यू वगैरे. एकासाठी लिहिलेलं ॲप दुसऱ्यावर चालायचं नाही. त्यात सिम्बियनच्या आवृत्ती ९.१ पासून जुनी ॲप्स नव्या फोनवर बंद पडली आणि महत्त्वाच्या परवानग्यांसाठी ॲपवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. तुटपुंज्या मेमरीसाठी बेतलेल्या सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिणंही किचकटच. शेवटचा घाव फेब्रुवारी २०११ चा, नोकियाने सिम्बियनऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही सिस्टीम निवडली तो.

आणखी एक घोळ. सिम्बियनवरचा नोकिया ६६०० आणि साधा नोकिया ११०० या दोन्हींत बीएल-५सी बॅटरी बसते, म्हणून ११०० सिम्बियन ठरत नाही. त्यावर ॲप टाकताच येत नाही.

एस६० वर आज ॲप टाकताना ‘सर्टिफिकेट एक्सपायर्ड’ आलं, तर फोनची तारीख ॲपच्या काळापर्यंत मागे न्या, ॲप मॅनेजरमध्ये ऑनलाइन सर्टिफिकेट तपासणी बंद करा आणि ॲप बसल्यावर तारीख पूर्ववत करा. सिम मात्र जिओचं घालू नका. ते फक्त ४जी-५जी वर चालतं, आणि हे फोन त्याआधीचे.