उत्तर एकच हवे: क्रिप्टिक शब्दकोड्यांची पार्श्वभूमी

शब्दकोड्यांना लगाम घालण्यासाठी आपल्या संसदेने १९५५ साली कायदा केला होता, हे सांगितले तर आज कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. प्राइझ कॉम्पिटिशन्स अॅक्ट हे त्याचे नाव. महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षिसे द्यायची नाहीत, त्याखालच्या स्पर्धेलाही परवाना हवा आणि दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत. त्याआधी १९४८ मध्येच मुंबई प्रांताने अशा स्पर्धांवर कर बसवणारा स्वतःचा कायदा केला होता. सोलापूर तेव्हा त्याच प्रांतात, म्हणजे इथल्या घराघरांतल्या आडव्या-उभ्या शब्दांनाही तो लागू होता. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड’ नावाची स्पर्धा चाले. तिचे चालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ मध्ये हरले. जुगार हा व्यापार नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र ज्या स्पर्धेत खरे कौशल्य लागते, तिला १९५५ चा कायदा लागू नाही, हेही स्पष्ट केले.

शब्दकोडे जुगार कसे ठरते, ते समजायला त्या काळच्या बक्षिसी कोड्यांची तऱ्हा पाहावी लागते. समजा सूचना अशी आहे: ‘आईची अशी ... सगळ्यांनाच लाभत नाही’, आणि चौकटीत शेवटचे अक्षर ‘या’ दिलेले आहे. माया की छाया? दोन्ही बसतात. बरोबर कोणते, ते आयोजक ठरवणार. म्हणून लोक एकाच कोड्याच्या चार-चार प्रवेशिका भरायचे. भाषा किती येते याला तिथे फारशी किंमत नव्हती.

क्रिप्टिक कोड्याचा, म्हणजे सूचनेत शब्दांचा खेळ दडवलेल्या कोड्याचा, इतिहास मला याच बाजूने पाहायला आवडतो. ते अवघड असते म्हणून लोक बिचकतात. पण त्याचा सगळा प्रवास उत्तर एकच असावे आणि सोडवणाऱ्याला ते स्वतः सिद्ध करता यावे, याच दिशेने झाला आहे.

सुरुवात साध्याच कोड्याने झाली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे छापले. दहा वर्षांत अमेरिका त्यापायी वेडी झाली. १९२४ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने, अमेरिका कोड्यांची गुलाम झाली, असे नाक मुरडून लिहिले आणि १ फेब्रुवारी १९३० पासून स्वतःच कोडे सुरू केले. ते रचायला बसवला एड्रियन बेल हा शेती करणारा तरुण लेखक. त्याने त्यापूर्वी एकही कोडे रचले नव्हते.

तोवर इंग्लंडमध्ये कोड्याने कूस बदलली होती. एडवर्ड पॉइस मॅथर्स हा कवी-अनुवादक १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी देऊ लागला. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधल्या धर्मपीडनाचा कुप्रसिद्ध प्रमुख. नावच सांगते की वाचकाला छळायचे ठरले होते. त्याने सरळ अर्थ द्यायचे सोडून श्लेष, अक्षरांची उलथापालथ, शब्दात दडवलेला शब्द अशा युक्त्या आणल्या. मजा अफाट, पण उत्तर सापडल्यावरही ते ‘हेच’ आहे याची खात्री होईलच असे नव्हते.

ती खात्री नंतरच्या दोघांनी दिली. ‘अफ्रीट’ या नावाने कोडी रचणाऱ्या अॅलिस्टर रिची यांनी १९४९ मध्ये रचनाकाराला बजावले, त्याचा मराठीतला भाव असा: तू म्हणतोस तेच तुझ्या मनात असले पाहिजे असे नाही, पण तुझ्या मनात आहे तेच तू म्हटले पाहिजेस. फसव, पण खोटे बोलू नकोस. टॉर्केमाडाच्या मृत्यूनंतर १९३९ मध्ये त्याची जागा घेतलेल्या डेरिक मॅकनट यांनी, टोपणनाव ‘झिमेनेस’, १९६६ च्या पुस्तकात याची रीतसर नियमावली केली. सूचनेच्या एका टोकाला अर्थ, उरलेल्या भागात शब्दाची फोड (म्हणजे अक्षरांच्या खेळातून तोच शब्द मिळवायची वाट), आणि त्याखेरीज फुकटचा एकही शब्द नाही. अर्थ आणि फोड दोन्ही एकाच उत्तराशी पोचल्या की झाले. उद्याच्या अंकाची वाट पाहायची गरज नाही. त्यांच्यानंतर १९७२ मध्ये आलेले जोनाथन क्राउदर ‘एझेड’ झाले. देझा या आणखी एका धर्मपीडकाचे इंग्रजी नाव उलटे वाचले की हे नाव मिळते, आणि त्यात ए ते झेड हेही आलेच. छळाची परंपरा नावापुरती का होईना टिकली.

युद्धकाळातल्या गोष्टी सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाला बोलावणे आले. १९४४ मध्ये त्याच पत्राच्या कोड्यांत नॉर्मंडीच्या चढाईतले गुप्त शब्द आले, तेव्हा रचनाकार शिक्षकाची चौकशी झाली.

भारतात हा इंग्रजी खेळ रुजवण्यात ‘द हिंदू’चा वाटा मोठा. तिथले कोडे १९७१ पासून रचत होते अॅडमिरल राम दास कटारी, म्हणजे भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख!

आपल्याकडे कूट नवे नाही. प्रहेलिका चौसष्ट कलांत मोजलेली आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगितले. क्रिप्टिकच्या सर्वांत जवळची म्हणजे अंतर्लापिका, जिच्यात प्रश्नातच उत्तर असते. ‘कं संजघान कृष्णः’, कृष्णाने कोणाला मारले? पदे वेगळी तोडा: कंसाला. ‘का शीतलवाहिनी गंगा’, शीतल वाहणारी गंगा कोणती? काशीतलवाहिनी. शेवटचा प्रश्न, ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्’, कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? कंबलवंताला, म्हणजे कांबळे असलेल्याला. चादरींच्या गावात याचे उत्तर शोधायला वेळ लागू नये.

बारामतीच्या मोरोपंतांनी ओठ जुळणारे एकही अक्षर न वापरता ‘निरोष्ठ रामायण’ रचले, आणि त्यांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या सोलापूरच्या राम जोशींनी. पण या परंपरेत दाद कवीला मिळते. ऐकणाऱ्याला उत्तर पडताळून पाहता यावे अशी जबाबदारी कवीवर नव्हती. अंतर्लापिका हा त्यातला अपवाद, म्हणून मला ती जास्त आवडते.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बोळात ऐकू येतात, त्यामुळे एका आवाजाचे दोन अर्थ लावायची कानाला सवय असते. आमच्यासारखे काही जण इंग्रजी क्रिप्टिक सोडवतात. कोणी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुणे येईपर्यंत, कोणी संध्याकाळी तलावाकाठी. एकट्याने सोडवण्यापेक्षा नंतरचे बोलणे जास्त रंगते. शिष्टाचार एकच: ‘काका, उत्तर नका सांगू, फोड कुठून करायची तेवढे सांगा.’ नुसते उत्तर लिहून फोड न सांगता येणाऱ्याला आमच्यात अर्धेच गुण.

मग मराठीत करून पाहण्याची खुमखुमी आलीच (कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा). ‘सोलापूरचे पांघरूण मामाचा दरबार दडवतो (३)’: मामा-चादर-बार, म्हणून चादर. ‘यावर बसून जेवा, याने शेत भिजवा (२)’: पाट. दडवलेले आणि दुहेरी अर्थाचे शब्द मराठीला सहज जमतात. उलटे वाचणेही, ‘मरा’चा ‘राम’ वाल्या कोळ्याच्या गोष्टीतून सगळ्यांना ठाऊक आहे.

अडते ते जाळीत, म्हणजे आडव्या-उभ्या घरांच्या चौकटीत, आणि अक्षरांच्या उलथापालथीत. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. आपल्याकडे नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर घरे भरतात, जोडाक्षरे वेगळीच. आडव्या शब्दातला ‘का’ उभ्या शब्दातही ‘का’च हवा, ‘क’ किंवा ‘कि’ चालत नाही. त्यामुळे जाळीत काळी घरे भराभर वाढतात. आणि हे पाहा: ‘बिथरलेला वानर लग्नानंतरच मिळतो (३)’. उत्तर नवरा. हशा ठरलेला. पण वा, न, र ही तीन घरे हलवून नवरा होत नाही. ‘वा’चा काना सोडवून ‘र’ला जोडावा लागतो. हे न्याय्य आहे का?

आमच्यात यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्याच राहाव्यात, नाहीतर सोडवणाऱ्याला धरायला काही उरत नाही. दुसरा म्हणतो, इतक्या बंधनात शब्दच सापडत नाहीत. मी पहिल्यांतला, वानर कितीही आवडला तरी. तूर्त तडजोड अशी आहे की काना-मात्रा सुटतात की नाही, हे कोड्याच्या डोक्यावर एका ओळीत लिहायचे, आणि एका कोड्यात दोन्ही पद्धती मिसळायच्या नाहीत.