अपुऱ्या दिवसांची बाळे आणि डांग्या खोकल्याची लस

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. घराघरांत ‘सातमाशी’, ‘आठमाशी’ हे शब्द रूढ आहेत. असे बाळ डांग्या खोकल्याच्या लसीला प्रतिसाद देते. तो पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा काहीसा क्षीण असला तरी निरुपयोगी नसतो, आणि म्हणूनच बाळ लहानखुरे आहे एवढ्या कारणावरून लस लांबवू नये.

बोर्डेटेला पर्ट्युसिस या जिवाणूमुळे हा रोग होतो. झ्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्या मुलांत खोकल्याची उबळ आणि तिच्या शेवटी ओढून घेतलेला श्वास ही ओळखीची खूण असते. तान्ह्या बाळात मात्र ती बहुधा नसते. कित्येकदा बाळ खोकतही नाही, त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि ओठ निळे पडतात. मुंबईतल्या एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील आणि त्यांपैकी कोणाचा खोकला आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, तर तोच बाळाच्या संसर्गाचा उगम असू शकतो, कारण लहानपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण मोठेपणापर्यंत ओसरलेले असते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली उणीव जन्माआधीची असते. आईच्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून गर्भाकडे जातात आणि हा ओघ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात असतो. पूर्ण दिवस भरले तर बाळातील त्यांची पातळी आईच्या पातळीहूनही वर जाते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्याची शिदोरी अर्धवटच राहते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेल्या दुग्धपेढीने अशा असंख्य बाळांना दूध पुरवले आहे, परंतु दुधातील प्रतिपिंडे मुख्यत्वे आतड्यांच्या अस्तरावर काम करतात. वारेतून मिळायची राहिलेली प्रतिपिंडे त्यांनी भरून निघत नाहीत.

दुसरी उणीव बाळाच्या स्वतःच्या पेशींची. प्रतिजन, म्हणजे जंतूचा किंवा लसीचा परका अंश, ओळखून टी-पेशी या प्रतिकारपेशींना संदेश देणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१२ हे संदेशवाहक प्रथिन कमी प्रमाणात स्रवतात, त्यामुळे टी-पेशींचे साहाय्य मंद असते आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी ती कमी बनवतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत हे अधिक जाणवते. तरीही प्राथमिक मात्रा पूर्ण झाल्यावर बहुतेक बाळांत पर्ट्युसिस-विषाविरुद्धची (या जिवाणूने सोडलेल्या विषाविरुद्धची) प्रतिपिंडे स्पष्टपणे वाढलेली आढळतात. या रोगापासून संरक्षण देणारी प्रतिपिंडांची सर्वमान्य किमान पातळी ठरलेली नसल्यामुळे केवळ आकडा कमी आला म्हणून लस वाया गेली असे म्हणता येत नाही. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. यासंबंधीच्या पुष्कळ पाहण्या अपेशीय लसीवर, म्हणजे जिवाणूचे फक्त निवडक शुद्ध अंश असलेल्या लसीवर, झाल्या आहेत, तर भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील पेंटाव्हॅलंट (पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित) लसीत पूर्णपेशीय घटक, म्हणजे मारलेला अख्खा जिवाणू, असतो. त्याने ताप अधिक येतो, पण टी-पेशींचा प्रतिसाद वेगळ्या आणि या जिवाणूविरुद्ध अधिक उपयोगी दिशेने वळतो.

लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते आणि वय जन्मतारखेपासून मोजतात, अपेक्षित तारखेपासून नव्हे. १ जून रोजी तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ घ्या. त्याची पहिली मात्रा १३ जुलैला येते, आणि दुसरी १० ऑगस्टला, म्हणजे नेमकी ज्या दिवशी त्याचा जन्म अपेक्षित होता त्या दिवशी. हिशेब विचित्र वाटतो, पण जिवाणू अपेक्षित तारखेची वाट पाहत नाही. मात्रा नेहमीइतकीच, ०.५ मिलिलीटर, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात; ती अर्धी केल्याने प्रतिसाद दुबळा होतो. मांडी बोटभर असली तरी जागा तीच, फक्त सुईची लांबी पाहून निवडतात.

खरी काळजी श्वासाची. फार लवकर जन्मलेल्या, अजून काचेच्या पेटीत असलेल्या बाळांपैकी काहींमध्ये लसीनंतर श्वास थांबण्याचे किंवा हृदयाचे ठोके मंदावण्याचे प्रसंग येतात. म्हणून त्यांना ४८ ते ७२ तास निरीक्षणाखाली ठेवतात. हे प्रसंग सहसा थोड्या वेळाचे असतात. प्रकृती स्थिर असलेल्या बाळाला घरी सोडण्यापूर्वीच लस देणे यासाठीही सोयीचे ठरते.

गर्भवतीला दिलेली टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांविरुद्धची) लस बाळाला उसनी प्रतिपिंडे देते. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला टीडी (धनुर्वात आणि घटसर्प यांविरुद्धची) लस मिळते, तीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो. टीडॅप खासगी दवाखान्यांत, बहुधा २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान दिली जाते. प्रतिपिंडे तयार होऊन पलीकडे पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून तिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली तर बत्तिसाव्यासाठी ठेवलेली लस बाळाच्या काही कामाची नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये ती सोळाव्या आठवड्यापासून देण्यास सुरुवात केली, तिचा एक लाभ नेमका अशाच बाळांना होतो. भारतात १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयांत डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांविरुद्धच्या लसीच्या) वर्धक मात्रा दिल्या जातात. दुसऱ्या वर्षातील वर्धक मात्रेनंतर अपुऱ्या आणि पूर्ण दिवसांच्या मुलांतील प्रतिपिंडांची तफावत बरीचशी कमी होते.