स्मृतिभ्रंश-शुश्रूषा, दक्षिण आशियाई रुग्णांची

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी किंवा श्रीलंकन वंशाच्या व्यक्तीची तिची भाषा, धर्म, आहार आणि घरची रीत सांभाळून केलेली देखभाल. या विषयाची चर्चा ब्रिटनमध्ये विशेष झाली आहे. तेथे १९५० व ६०च्या दशकांत गिरण्या-कारखान्यांत कामाला आलेली आणि १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली पिढी आता म्हातारी झाली आहे. ब्रिटिश संसदेतील सर्वपक्षीय गटाच्या २०१३च्या अहवालात इंग्लंड व वेल्समधील वांशिक अल्पसंख्याक रुग्ण सुमारे २५,००० धरले होते. २०५१ पर्यंत ते १,७२,०००च्या वर जातील असा अंदाज होता. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा मधुमेह दक्षिण आशियाई लोकांत अधिक आढळतो, हेही त्यामागचे एक कारण.

अडचण नावापासूनच सुरू होते. पंजाबी, उर्दू, बंगाली यांच्या बोलण्यात या आजाराला रुळलेला शब्द नाही. मराठीतही ‘स्मृतिभ्रंश’ पुस्तकात राहतो. घरात ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’. ज्याला वयाचा भाग मानले त्यासाठी कोणी डॉक्टर गाठत नाही आणि ज्याला वेड मानले ते लग्नाच्या मुलामुलींपायी झाकले जाते. त्यामुळे रुग्ण उशिरा पोहोचतो.

पोहोचल्यावर चाचणी आडवी येते. १९७५ पासून वापरात असलेल्या प्रचलित चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, पंचकोन काढणे असते. शाळेचे तोंड न पाहिलेली आजी यात नापास झाली, तर तिची स्मृती गेली की तिला शाळाच मिळाली नव्हती, हे कळत नाही. हरियाणातील बल्लभगढच्या अभ्यासासाठी निरक्षर हिंदीभाषकांना चालेल असे या चाचणीचे रूपांतर झाले. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये आलेल्या ‘रुडास’ चाचणीत चहा, तेल, अंडी, साबण अशी वाणसामानाची यादी लक्षात ठेवायला सांगतात.

नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी विरते. हैदराबादमधील ६४८ रुग्णांच्या पाहणीत (२०१३) द्विभाषकांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली. पण चाळीस वर्षे इंग्रजीत दुकान चालवलेला माणूसही पुढे लहानपणीच्या बोलीवर येऊ शकतो. ती बोली कोणती, याची चौकशी मात्र वरवर होते. ब्रिटनमधील बहुतेक बांगलादेशी सिल्हेट भागातले, सिल्हेटी बोलणारे, पण त्यांच्यासाठी येणारा दुभाषी प्रमाण बंगाली बोलतो. पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मिरातल्या मीरपूरकडच्या कुटुंबांना उर्दू पत्रक दिले जाते. त्यांची पहाडी मुख्यतः बोलण्याची भाषा आहे आणि जुन्या पिढीतल्या अनेकांना उर्दू वाचता येत नाही. मुलालाच दुभाषी केले तर आईची चुकलेली उत्तरे तो नकळत सावरून घेतो.

प्रत्यक्ष देखभालीत मोठे प्रश्न छोट्या गोष्टींत असतात. टबात बसवलेल्या बाईला ती आंघोळच वाटत नाही; तिला अंगावरून वाहणारे पाणी हवे असते. परपुरुषाने कपडे बदलले की ती ओरडते आणि नोंदवहीत ‘आक्रमक वर्तन’ लिहिले जाते. चमचा ढकलणारा माणूस हाताने जेवतो. पहाटे उठून फिरणारा कदाचित वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, पाणी शोधत असतो. शीख रुग्णाचे केस कुटुंबाला न विचारता कापणे हा त्याच्या श्रद्धेवरच घाला. आठवणी जागवण्याच्या उपक्रमांत ब्रिटिश बालपणाच्या वस्तू दाखवतात. पंजाबी वृद्धाचे बालपण मात्र १९४७च्या फाळणीतले असू शकते. ते जागवावे की नाही, हे आधी घरच्यांना विचारलेले बरे.

याउलट, सगळे यादीत बसवण्याचाही धोका आहे. हिंदू म्हणून शाकाहारी ठरवलेला बंगाली गृहस्थ माशावाचून झुरतो. व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचा, म्हणजे आजाराआधी माणूस पाहण्याचा, विचार टॉम किटवुड यांनी ब्रॅडफर्ड विद्यापीठात मांडला, तो इथे जास्त उपयोगी पडतो.

‘त्यांची माणसे त्यांना सांभाळतात’ हा सेवायंत्रणेचा समज सोयीचा आहे. सांभाळते ती बहुधा सून, पत्नी किंवा मुलगी. आणि बाहेरची मदत घेतली तर लोक काय म्हणतील ही धास्ती तिलाच.

भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. देशांतर्गत स्थलांतराने भाषेचा प्रश्न इथेही आणला आहे: मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलेल्या मराठी आईशी दिवसभर बोलणारी मदतनीस कन्नड किंवा नेपाळी बोलते.